तालुक्याच्या ठिकाणी लैंगिक अत्याचाराच्या केसेससाठी पोलीस, दवाखाना, वकील, संस्था अशी एकत्र टीम कशी उभी करायची?

डोंगरतालुका

नमस्कार सगळ्यांना. मी एका छोट्या संस्थेत काम करते, बायका आणि किशोरवयीन मुलींसोबत. तालुका डोंगराळ, वाड्यापाडे लांब लांब, जिल्ह्याचं गाव एसटीने तीन साडेतीन तास.

आमच्याकडे बलात्काराची किंवा पोक्सोची (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची) केस आली की काय होतं ते आधी सांगते. बाई ठाण्यात जाते, तिथे म्हणतात आधी दवाखान्यात जा, दवाखान्यात म्हणतात पोलिसांचं पत्र आणा, पत्र येईपर्यंत लेडी डॉक्टरची ड्युटी संपलेली असते, मग जिल्ह्याला रेफर, तिथे अख्खी रात्र बाकड्यावर, सखी सेंटर (अत्याचारग्रस्त बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) त्याच गावात असतं पण तिथे कोणी फोनच केलेला नसतो, आणि या सगळ्यात तिने तीच गोष्ट ठाणे अंमलदाराला, मग महिला पोलिसाला, मग नर्सला, मग डॉक्टरला, मग दुसऱ्या डॉक्टरला सांगितलेली असते. अंगावर तेच कपडे, पोटात काही नाही. सोबत आलेला भाऊ किंवा बाप तोवर थकलेला असतो, मजुरी बुडालेली असते, तो म्हणतो चल घरी. आणि जातात घरी.

यातल्या प्रत्येकाला वेगवेगळं भेटलं तर बहुतेक जण चांगलेच बोलतात. कोणाला दुसऱ्याने पुढे काय करायचं असतं तेच माहीत नसतं. म्हणून आमच्या मनात आहे की तालुका पातळीवर सगळ्यांची मिळून एक टीम करावी. पण सुरुवात कुठून करू? प्रमुख कोणाला करायचं, तहसीलदार, ठाणेदार की डॉक्टर? दर दोन तीन वर्षांनी बदल्या होतात त्याचं काय? सरपंच, पोलीस पाटील घ्यायचे का? व्हॉट्सॅप ग्रुप करावा का? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, मिटींग घ्या जनजागृती करा एवढं सांगू नका, ते आम्ही करतोच.

आरएचची डॉक्टर

ताई, मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे त्यामुळे दवाखान्याच्या बाजूने सांगते.

सगळ्यात आधी ते पोलिसांच्या पत्राचं. पत्र लागत नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की बाई थेट दवाखान्यात आली तरी तपासणी आणि उपचार करायचेच, पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम, तिला पत्रासाठी पळवणं हे नाही. बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३९७ म्हणतं की सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याने मोफत उपचार द्यायचे, आणि नाकारलं तर बीएनएसच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) २०० खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. हे एका पानावर मराठीत छापून कॅज्युअल्टीत लावा, अधीक्षकांची सही घेऊन. माझ्या बघण्यात आहे, नाईट ड्युटीच्या इंटर्न किंवा बाँडवरच्या डॉक्टरला खरंच माहीत नसतं, तो घाबरलेला असतो की उद्या कोर्टात मला उभं करतील, म्हणून रेफर करतो.

दुसरं, वेळ. गर्भधारणा टाळायची गोळी ७२ तासांच्या आत दिलेली चांगली (पाच दिवसांपर्यंतही देतात पण जितकी लवकर तितकी कामाची), एचआयव्हीची लागण टाळायची औषधं म्हणजे पीईपी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते आणि २८ दिवस घ्यावी लागते. आता सांगा, २८ दिवसांच्या गोळ्या सुरू केलेली बाई पाड्यावर परत गेली, तिला उलट्या व्हायला लागल्या, तर ती कोणाला फोन करणार? बहुतेक वेळा कोणालाच नाही, गोळ्या बंद. तुमची टीम खरी लागते ती इथे. पहिला दिवस कसाबसा निघतो हो, दहाव्या दिवशी कोण आहे ते ठरवा.

तिसरं संमती. तपासणीला संमती, पुरावे गोळा करायला संमती आणि पोलिसांना कळवायला संमती, हे तिन्ही वेगवेगळं विचारायचं असतं. ती म्हणू शकते की उपचार करा पण नमुने घेऊ नका. प्रौढ बाई म्हणाली मला केस करायची नाही, तर तसं नोंदवून तिची सही घ्यायची, पण उपचार थांबवायचे नाहीत. (अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर कळवणं बंधनकारकच आहे, ते वकील लोक नीट सांगतील.) तपासणी चालू असताना पोलीस खोलीत नको, महिला पोलीससुद्धा नको.

टू फिंगर टेस्टबद्दल (योनीत दोन बोटं घालून बाईला संबंधांची सवय आहे का ते बघायची जुनी पद्धत) पण एकदा सगळ्यांसमोर बोलून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला सांगितलं, २०२२ ला परत सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. आपल्या महाराष्ट्रात तर हा विषय सेवाग्रामच्या फॉरेन्सिक विभागाच्या अहवालावरून नागपूर खंडपीठापर्यंत गेला होता, म्हणजे विदर्भातूनच ही गोष्ट पुढे आली. तरीही जुने फॉर्म अजून कपाटात सापडतात. ते फॉर्म शोधून काढा आणि नवीन प्रोफॉर्मा ठेवा, हे काम एका दुपारचं आहे.

आणि एक बारीक गोष्ट. दवाखान्यात एक जोडी साधे कपडे, चप्पल, पॅड, टॉवेल, बिस्किटं असं एक कपाट ठेवा. कपडे पुरावा म्हणून घेतले की बाईला घालायला काही नसतं आणि आपण तिला चादर गुंडाळून पाठवतो. हे संस्थेने करण्यासारखं आहे, कोणाच्या जीआरची वाट बघू नका.

खाकीतून_निवृत्त

वरच्या डॉक्टर मॅडमशी सहमत. मी महिला पीएसआय म्हणून बरीच वर्षं ग्रामीण ठाण्यांत काढली, आता निवृत्त आहे.

ठाण्याच्या बाजूने अडचण कुठे असते ते सांगते. एक म्हणजे हद्द. 'घटना आमच्या हद्दीत नाही' हे ऐकायचं नाही, झिरो एफआयआर आता बीएनएसएसच्या १७३ मध्येच लिहिलेला आहे, कुठल्याही ठाण्यात नोंदवा आणि तिथून पाठवा. बलात्काराची तक्रार नोंदवली नाही तर त्या अधिकाऱ्यालाच बीएनएसच्या १९९ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. पण ताई, हे कलम ठाणेदाराच्या तोंडावर फेकायला जाऊ नका पहिल्याच मिटींगला. त्याला सांगा की तुमचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो, मेडिकल सात दिवसांत मिळायला हवं, बीएनएसएसच्या कलम १८३ चा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे व्हायला हवा, हे सगळं टीम असेल तर वेळेत होईल. त्याला स्वतःचा फायदा दिसला की तो खुर्ची ओढून बसतो.

दुसरं म्हणजे महिला अधिकारी. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, पण ठाण्यात एकच असते आणि ती बंदोबस्ताला गेलेली असते. यावर उपाय म्हणजे शेजारच्या दोन ठाण्यांचा मिळून एक रोस्टर करून घ्यायचा, डीवायएसपी साहेबांच्या सहीने. आम्ही तसं करून घेतलं होतं आणि ते चाललं. लहान मुलांच्या केसमध्ये साध्या कपड्यात जायचं, मुलाच्या घरी किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे जबाब घ्यायचा, हे पोक्सोच्या कलम २४ मध्ये आहे, पण गणवेशातच गाडी घेऊन पाड्यावर जातात आणि अख्ख्या गावाला कळतं. गाडी गावाबाहेर उभी करा. एवढीशी गोष्ट आहे पण त्यावर मुलीचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

पोलीस पाटील आणि सरपंच टीममध्ये अजिबात घेऊ नका. मी खूप विचार करून सांगतेय. तंटामुक्त गाव समितीच्या नावाखाली बलात्काराच्या केसेस मिटवलेल्या मी पाहिल्यात, दंड ठरवून, जेवण घालून, कधी त्याच माणसाशी लग्न लावून. बलात्कार आपसात मिटवता येणारा गुन्हाच नाही. त्यांना वेगळं बोलवा, सांगा की तुमचं काम एवढंच, कळलं की ११२ ला किंवा ठाण्यात फोन आणि कोणालाही बसवून समझोता करायचा नाही. जात पंचायतीने त्या घराला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, तो वापरा, फार कमी लोक वापरतात.

ट्रायलकोर्ट_वकील

प्रमुख कोण या प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे. ठाणेदार नको, डॉक्टरही नको. ज्याच्याकडे प्रमुखपद जातं त्याच्या खात्याची चूक टीममध्ये कधीच बोलली जात नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती प्रत्येक तालुका कोर्टात असते, तिच्याकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर असतात, आणि तिने पत्र काढलं की सगळी खाती येतात. पीडितांना सरकारी मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे पैसेसुद्धा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडूनच मंजूर होतात, २०१७ पासून रक्कम दहा लाखांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे साखळी तिथे आपोआप जोडली जाते. फक्त एक पथ्य पाळा, न्यायाधीश अध्यक्ष असतात म्हणून त्यांच्यासमोर कुठल्याही चालू केसचा एक शब्द काढायचा नाही. तिथे फक्त व्यवस्थेबद्दल बोलायचं, फोन लागला का, डॉक्टर होती का, नमुने कधी गेले. केसबद्दल जे बोलायचं ते दोन तीन लोकांनी, त्या बाईला विचारून.

बदल्यांचं उत्तर म्हणजे कागद. माणसांची नावं लिहू नका, पदं लिहा. 'आरएचमध्ये त्या वेळी ड्युटीवर असलेला मेडिकल ऑफिसर', 'ठाण्यातली महिला अधिकारी, ती नसेल तर अमुक ठाण्याची'. चार पाच पानांत, कोणी किती वेळात काय करायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात संस्थेने जाऊन तो कागद त्याच्या हातात द्यायचा आणि परत सही घ्यायची.

पुराव्याबद्दल एक सांगतो कारण कोर्टात केस इथेच पडते. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, ते कुजतात. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, सील, सही, तारीख, वेळ, कोणी दिलं कोणी घेतलं. गर्भपात झाला असेल तर डीएनएसाठीचा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकायचा नाही, थंड ठेवून लगेच पाठवायचा, आणि त्यासाठी पोलीस आधीच हजर असले पाहिजेत, नंतर फोन करून उपयोग नाही. आणि डॉक्टरांना विनंती की 'जखमा नाहीत' याचा अर्थ 'संमती होती' असा निघेल असं काही लिहू नका. उशिरा आलेल्या बाईच्या अंगावर जखमा सापडणार कशा?

सगळ्यात महत्त्वाचं, बीएनएसचं कलम ७२. पीडितेची ओळख पटेल असं काही छापणं, जाहीर करणं गुन्हा आहे. पत्रकार टीममध्ये घेऊ नका, पण वर्षातून एकदा स्थानिक वार्ताहरांना बोलावून हे नीट समजावा, गावाचं नाव आणि 'अमक्याची सून' लिहिलं तरी ओळख पटतेच.

डोंगरतालुका

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, हे सगळं मी लिहून काढतेय. एक गोष्ट विचारायची राहिली आणि आमच्याकडे तीच सगळ्यात जास्त येते. सोळा सतरा वर्षांची मुलगी, गावात लग्न लावून दिलेलं किंवा मुलासोबत स्वतःच गेलेली, आणि पाचव्या महिन्यात आशाताईकडे नाव नोंदवायला येते. आशाताई म्हणते मी कळवलं तर उद्यापासून मला गावात कोणी दारात उभं करणार नाही, आणि नाही कळवलं तर माझ्यावर गुन्हा. मग ती नोंदणीच टाळते नाहीतर वय एकोणीस लिहिते. टीममध्ये यावर काय ठरवायचं?

गटप्रवर्तक_ताई

डोंगरतालुका ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मी आशांची गटप्रवर्तक आहे, हा प्रश्न दर महिन्याच्या मिटींगला असतो आणि वरून कोणी उत्तर देत नाही.

कायदा असा आहे की अठराच्या खालच्या मुलीबाबत पोक्सोचं कलम १९ सांगतं की कळलं तर कळवा, आणि नाही कळवलं तर २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. म्हणून आशाला एकटीला सोडायचं नाही. आमच्याकडे आम्ही असं ठरवून घेतलं की आशा पोलिसात जाणार नाही, ती पीएचसीच्या डॉक्टरला सांगेल आणि कळवण्याचं पत्र दवाखान्याच्या नावाने जाईल, त्यावर आशाचं नाव येणार नाही. गावाला एवढंच कळतं की मुलगी दवाखान्यात गेली. याने सगळं सुटतं असं नाही, पण आशा निदान खरं वय लिहायला लागली.

मुलीला गर्भपात हवा असेल तर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशा संमतीच्या संबंधात मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. हे खूप डॉक्टरांना माहीत नाही, त्यामुळे मुली भोंदूंकडे किंवा मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून खातात आणि रक्तस्राव होऊन येतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन आणि अत्याचारग्रस्त मुलींसाठी मुदत २४ आठवडे आहे, हे पण आशांना सांगा, त्यांना अजून २० च माहीत असतात.

आणि बालकल्याण समितीला विसरू नका. पोक्सोमध्ये पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं, समिती सपोर्ट पर्सन नेमते, म्हणजे सुरुवातीपासून कोर्ट संपेपर्यंत मुलीसोबत एकच माणूस. तुमच्या संस्थेतल्या दोघीतिघींची नावं आताच समितीकडे देऊन ठेवा. तातडीच्या खर्चासाठी, म्हणजे प्रवास, खाणं, कपडे, यासाठीही समिती पैशाची शिफारस करू शकते, पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मजुरी बुडाली म्हणून बाप घरी चल म्हणतो ना, त्यावर हेच औषध.

आणखी एक, भाषा. कोरकू, गोंडी, माडिया, पावरी, जी तुमच्याकडे असेल ती बोलणाऱ्या दोन बायका शोधून ठेवा, त्याच गावच्या नको, शक्यतो नात्यातल्या नको. दुभाषी म्हणून दवाखान्यातल्या आयाला उभं करतात आणि ती नेमकी आरोपीच्या भावकीतली निघते.

मिशिगनची_नागपूरकर

मी इथे अमेरिकेत एका क्रायसिस सेंटरमध्ये व्हॉलंटियर आहे, रात्रीच्या कॉलवर हॉस्पिटलला जाते. इथे अशा टीमला सार्ट म्हणतात, त्यात खास ट्रेनिंग घेतलेली नर्स असते (ही नर्सेसची पद्धत १९७० च्या दशकात मेम्फिस, मिनियापोलिस अशा शहरांत सुरू झाली), पोलीस, सरकारी वकील आणि आमच्यासारखी सोबत. इथलं जसंच्या तसं तुमच्याकडे लागू होणार नाही, डॉक्टरच कमी आहेत तिथे नर्सचं वेगळं केडर कुठून आणणार. पण दोन गोष्टी मला सांगाव्याशा वाटतात.

एक, सोबतीचा माणूस कोणाच्याच बाजूचा नसतो, फक्त तिच्या बाजूचा. मला पोलिसांनी विचारलं ती काय म्हणाली तर मी सांगत नाही, सांगू शकत नाही. टीममध्ये असूनही हे अंतर राखावं लागतं. तुमच्या संस्थेची पोलिसांशी मैत्री वाढेल तेव्हा हे सगळ्यात अवघड जाईल, ते सहज विचारतील 'ताई खरं काय ते तुम्हाला सांगितलं असेल ना', म्हणून आधीच लिहून ठेवा. आणि इथे केंद्रीय कायद्यामुळे पोलिसात न जाताही तपासणी मोफत करून घेता येते, केस करायची की नाही ते ती नंतर ठरवू शकते. यामुळे बायका दवाखान्यात यायला धजावतात.

दुसरं, मोजा. डेट्रॉइटमध्ये २००९ साली पोलिसांच्या गोदामात अकरा हजारांवर किट (बलात्काराच्या तपासणीत घेतलेल्या नमुन्यांची पाकिटं) सापडले, वर्षानुवर्षं तपासायला न पाठवलेले. प्रत्येक किट म्हणजे एक बाई, जिने तासन् तास तपासणी सहन केली होती. नंतर पोलीस, सरकारी वकील, नर्स, सोबतीच्या संस्था, संशोधक सगळ्यांना एकत्र बसवून ते तपासायला लागले, आणि इतक्या वर्षांनी त्या बायकांना फोन करून काय आणि कसं सांगायचं यावरच किती विचार करावा लागला. म्हणून तुमच्या तालुक्यात एक साधी वही ठेवा, नाव नाही फक्त नंबर, नमुना कधी घेतला, पोलिसांनी कधी नेला, लॅबला कधी पोचला, रिपोर्ट कधी आला. दर तीन महिन्यांनी ती वही सगळ्यांसमोर उघडा.

डोंगरतालुका

ही वहीची कल्पना उद्याच आमच्या संस्थेच्या ताईंना सांगते. मग मी असं समजतेय की आधी एका केसचा पूर्ण रस्ता कागदावर काढायचा, पाड्यापासून कोर्टापर्यंत, ती कुठे किती वेळ थांबली, कोणाकोणाला सांगावं लागलं, आणि तो रस्ता घेऊन प्रत्येकाला आधी एकेकटं भेटायचं, मग विधी सेवा समितीकडून पत्र काढून मिटींग. हे ठीक आहे ना? आणि व्हॉट्सॅप ग्रुपचं राहिलंच.

खाकीतून_निवृत्त

ठीक आहे, फक्त ती केस बंद झालेली घ्या आणि आधी त्या बाईला विचारा, ती हो म्हणाली तरच. तिने स्वतः रस्ता सांगितला तर आणखी चांगलं, आपल्याला न दिसणाऱ्या जागा तिला माहीत असतात, म्हणजे ठाण्यातल्या संडासाला कडी नव्हती वगैरे.

ग्रुप करा पण त्यात फक्त 'आरएचला या' किंवा 'महिला अधिकारी हवी' एवढंच. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही, एफआयआरची कॉपी तर मुळीच नाही. बदली झालेल्या माणसाला त्याच दिवशी काढायचं, हे काम कोणा एकीवर ठेवा. आणि रात्री नेटवर्क नसलं की ग्रुपचा उपयोग नाही, म्हणून दवाखाना, ठाणं, सखी सेंटर, बायकांची हेल्पलाइन १८१ आणि मुलांची १०९८ हे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात दवाखान्यात आणि ठाण्यात टेबलाजवळ चिकटवा. पीएचसी आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांच्या खोलीतही लावा, आश्रमशाळेचं वर कोणीच बोललं नाही पण डोंगरी तालुक्यात तिथल्या मुलींसाठी वेगळी एक मिटींग लागेल, त्यावर वेगळा धागा काढलात तर मी लिहीन.